राखीव

फॉर्म सोमवारपासून टेबलावर पडलाय.
उडू नये म्हणून डेलने त्यावर मिठाची बाटली ठेवली.
कान्ससचा वारा दार लावलं तरी
स्वयंपाकघरापर्यंत येतोच.

दोन चौकोन. एकात खूण करायची.
पहिला: आणखी आठ वर्षं, पूर्ण वेळ,
बोनसचा आकडा, ज्याची शून्यं मी दोनदा मोजली,
आणि बदली, जिथे म्हणतील तिथे.
दुसरा: राखीव दल.
महिन्यातला एक शनिवार-रविवार, वर्षातले काही आठवडे,
बाकीचे दिवस माझे,
किंवा एखाद्या विमान कंपनीचे,
जिथे मागच्या रांगांतून टोमॅटो ज्यूस मागतात.

कर्नल प्रुइट म्हणाले, "मान दोन्हीत आहे."
माणूस असं म्हणतो
तेव्हा त्याला तो एकातच दिसत असतो.

मी टँकर उडवते.
लोकांना वाटतं वैमानिक म्हणजे गॉगल, कोलांट्या, क्षेपणास्त्रं.
मी आकाशातला पेट्रोल पंप.
रात्री तीन वाजता अटलांटिकवर
कुणीतरी मागून येतं, शेपटीखाली स्थिर राहतं,
पितं, आभार मानतं, वळून जातं.
बारा वर्षांत एकाचाही चेहरा पाहिला नाही.
एक जण परतीच्या वेळेला आला नाही.
त्याला सर्दी झाली होती.
आवाजावरून कळत होतं.

शेपटीत पालथं पडून नळी जुळवणारा हॅस्केट
राखीवातला. एकोणीस वर्षं झाली.
सोमवार ते शुक्रवार सलायनात प्लंबर.
विचारलं, कसं जमतं?
"मेजर, तिथेही पाईप जोडतो, इथेही पाईपच.
फक्त इथे गळलं तर खाली बादली लावता येत नाही."
मग हसणं आवरून म्हणाला,
"मंगळवार जड जातो.
कुणाच्या तरी सिंकखाली वाकलेला असतो मी
आणि बाई सांगत असते, दोन दिवस पाणी तुंबलंय, काय हाल झाले.
मी हो म्हणतो. असतातच ते हाल.
माझे कान मात्र अजून उतरलेले नसतात."

ब्रिटा अकरा वर्षांची. शाळा पाच.
भाड्याच्या भिंती रंगवून परत द्याव्या लागतात,
म्हणून तिच्या उंचीच्या खुणा एका पाइनच्या फळीवर आहेत.
फळी आमच्याबरोबर फिरते:
ओकिनावा, मिल्डनहॉल, फेअरबँक्स, आता विचिटा.
प्रत्येक रेघेपुढे गाव आणि तारीख.
तीन रेघांपुढे डेलच्या बारीक अक्षरात
'आई नव्हती.'
तक्रार नाही ती. डेल नोंदी नीट ठेवतो, एवढंच.

काल तिने विचारलं,
या वेळी फळी खिळे ठोकून लावायची का?
मी काही बोलले नाही.
डेल म्हणाला, स्क्रू बरे.

प्रत्येक उड्डाणाआधी मी एक आकडा लिहिते.
जायला किती, द्यायला किती, यायला किती,
आणि शिवाय राखीव, जे जाळायचं नाही,
कुणी मागितलं तरी द्यायचं नाही.
एकदा दिलं होतं.
पदक मिळालं. चौकशीही झाली.
नव्या पोरांना मी बजावते,
राखीव म्हणजे उरलंसुरलं नव्हे रे,
ते आधी बाजूला काढायचं, मग बाकीचा हिशोब.
कितीदा बजावलंय, घसा बसेपर्यंत,
आणि आज मिठाच्या बाटलीसमोर बसून
मीच उलटीकडून मोजतेय.

बाटली उचलली. कागदावर ओलसर गोल उमटलाय,
नेमका दोन चौकोनांच्या मध्ये.
पेन चालत नाही.

छपरावरून एक टँकर गेला. कपाटातले पेले किणकिणले.
"भरलेला," ब्रिटा म्हणाली,
पुस्तकातून मान वर न करता.
बरोबर ओळखलं तिने. आवाज जमिनीला धरून होता.

डेल खणात काहीतरी शोधत होता.
मला वाटलं, पेन.
त्याने स्क्रूड्रायव्हर काढला,
अंगठ्याने त्याचं टोक तपासलं
आणि माझ्याकडे न बघता विचारलं,
"कुठली भिंत?"