कागदावरचा भाऊ

फ्लोरोच्या धक्क्यावर उतरलो तेव्हा
लग्नाला सात महिने झाले होते
आणि कागदांनुसार आमचे आईवडील एकच होते.
हाल्वार जाळी विणणारा, छातीने अधू;
मी राग्ना, त्याची धाकटी बहीण,
हेरिंग खारवायच्या शेडमध्ये रोजंदारीवर.
स्कॉटलंडमधल्या एका गार खोलीत
हे आमच्याकडून इतकं घोटून घेतलं होतं
की त्याने माझी बाहुली विहिरीत टाकली होती
याचा मला खरोखरच राग येऊ लागला.

अंगठी मागे ठेवून जा, असं बजावलं होतं.
मी ती कॉडच्या तेलाच्या बाटलीत बुडवली.
ते तेल कोण कशाला चाखून बघेल?

घरमालकीण थोरीना
जिन्याच्या पायऱ्या आवाजावरून ओळखायची.
आम्ही दोन खोल्यांत, मधे फळीची भिंत.
भाजलेल्या वाटाण्यांची कॉफी देताना
बोटाला बोट लागू द्यायचं नाही;
चुकून लागलंच तर दचकायचंही नाही,
भावाला लागलं तर कोण दचकतं.

रात्री तो फळीवर बोट वाजवायचा.
निरोप नव्हता त्यात, अक्षरंसुद्धा नव्हती.
नुसता त्याचा हात.
वायरलेसवाल्याचा हात सहीसारखा ओळखू येतो म्हणतात.
हाल्वार लांब रेघ जरा जास्तच ओढायचा,
निघतो निघतो म्हणत दारात रेंगाळणाऱ्या पाहुण्यासारखी.

मग येरमुंड आला, बंदर-कचेरीतला कारकून.
चाळिशीचा, बोलताना टोपी गरागरा फिरवणारा.
त्याच्या वहीत प्रत्येक जहाजाची वेळ.
एका रविवारी त्याने टेबलावर पुडी ठेवली,
खऱ्या साखरेची, कुठून मिळवली कोण जाणे,
आणि हाल्वारला म्हणाला,
तुमच्या बहिणीला मागणी घालायची आहे.

हाल्वारची सुई जाळ्यात चालूच राहिली.
पगार किती, पितोस का, आई कुठे असते,
थोरल्या भावाने विचारावं ते सगळं त्याने विचारलं.
मग म्हणाला, तिलाच विचार.
आणि माझ्याकडे बघितलं.
त्याच्या डोळ्यांत मला ती वही दिसली.

मी हो म्हणाले.
त्या रात्री भिंत वाजली नाही.

फेब्रुवारीत येरमुंड बोलता बोलता म्हणाला,
मंगळवारी पहाटे, खनिजाने भरलेलं,
फ्योर्डच्या तोंडाशी वाटाड्या चढेल.
मी ते शब्द तोंडात धरून घरी आणले,
गरम बटाटा धरावा तसे.
माळ्यावर हाल्वारने नऊ मिनिटांत ते पाठवले.
वाटाड्या कोण, हे मी विचारलं नव्हतं.
तसं विचारायचं नसतं.

बुधवारी येरमुंड आला तो बोडक्या डोक्याने.
वाटाड्या त्याचा धाकटा भाऊ होता.
माझ्या मांडीवर डोकं ठेवून तो रडला,
आणि मी त्याच्या केसांवरून हात फिरवला,
खोटा नव्हता तो हात, हे लिहून ठेवते.
हाल्वार दारात उभा होता.
मग आत आला, त्याच्या खांद्यावर हात ठेवला.
बराच वेळ ठेवला.
जरा जास्तच.

एप्रिलमध्ये आम्हाला रात्रीच्या होडीने काढलं.
चिठ्ठी ठेवायची परवानगी नव्हती.
परवानगी असती तरी
काय लिहिणार होते मी, आणि कुठल्या नावाने?

लढाई संपल्यावर एका अधिकाऱ्याच्या सहीने
आम्ही पुन्हा नवराबायको झालो.
तरी बेकरीत कुणी विचारलं, हे तुमचे कोण,
तर उत्तराआधी माझा एक श्वास अडायचा.

बटणांच्या डब्यात दोन अंगठ्या आहेत.
एक चांदीची, तेलाने काळवंडलेली;
ती आता माझ्या बोटात जात नाही.
दुसरी जाते.
हाल्वारला शर्टाचं बटण हवं असलं
की तो डबा टेबलावर पालथा करतो,
चार भोकांचं पांढरं एक निवडून बाजूला ठेवतो
आणि बाकीचं सगळं, न बघता,
तळव्याच्या कडेने परत डब्यात लोटतो.