पेशन्स कॉकी

किल्ल्या अटिंगबाईंकडे असतात, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात.
सेंट ऑसिथची वीतभर; हातात घेतली की मनगट खाली जातं.
सेंट विनवालोला साधं पितळी कुलूप, हार्डवेअरच्या दुकानातलं.
सेंट पेगाला किल्लीच लागत नाही.
बेचाळीसच्या बॉम्बनंतर उरलाय नुसता मनोरा,
त्यात कबुतरं, आणि कबुतरांना दार कशाला.

नॉरिचच्या या चामडेवाल्यांच्या पेठेत
अर्ध्या मैलात तीन देवळं. देवळंच म्हणते मी,
चर्च म्हटलं की जीभ जरा पाहुणी होते.

भिंती चकमकीच्या. फोडलेला दगड, आत काळा, काठाला दुधी,
कुणी चुन्यात माशांचे डोळे थापलेत जणू.
ऑसिथमध्ये आता पोरं दोर बांधून भिंत चढतात,
हिरव्या-गुलाबी प्लास्टिकच्या खुंट्या, वेदीच्याही वर.
"चढू देत," अटिंगबाई म्हणाल्या,
"वर जायचंच तर होतं सगळ्यांना."
विनवालोत जुनी कपाटं विकायला आहेत.

मी रेकॉर्ड ऑफिसात या तिघांच्या वह्या उतरवते,
आठवड्यातून तीन दिवस, पेन्सिलीने; तिथे शाई चालत नाही.
माझे वडील मोजणी खात्यात होते. म्हणायचे,
शीव म्हणजे भांडणच, कागदावर वाळत घातलेलं.

इथली शीव म्हणजे एक ओहोळ. इथले लोक त्याला कॉकी म्हणत.
अलीकडे ऑसिथ, पलीकडे विनवालो.
दर तीन वर्षांनी पॅरिशची पोरं शिवेवरून फिरवायचे
आणि प्रत्येक दगडावर एकेकाला उलटं धरून आपटायचे,
विसरू नये म्हणून.
खर्चाच्या वहीत आहे: दगडापाशी रडलेल्या सहा मुलांना
मनुकांचा पाव, चार पेन्स.

आणि त्याच वहीत, सतराशे एकतीस, जानेवारी:
एका परक्या बाईस, दिवस भरलेल्या,
कॉकीपलीकडे नेऊन सोडल्याबद्दल, हातगाडीसह,
एक शिलिंग.

विनवालोची वही काढली. तीच तारीख.
सदर बाईस परत आणून सोडल्याबद्दल
एक शिलिंग दोन पेन्स.

दोन पेन्स जास्त का?
चढ असेल. बर्फ असेल.
मूल ज्या हद्दीत जन्मेल त्या हद्दीने पोसायचं,
एवढाच कायदा; वाईट कुणीच नव्हतं म्हणे.
(माझ्या कागदांना अकरा वर्षं लागली.
पण त्याचं इथे काय.)

मग आठवडाभर काहीच नाही. ढेकर आल्यासारखी
दुसऱ्यांची लग्नं, मेणबत्त्यांचा हिशोब, घंटेच्या दोराला तेल.
सापडली ती तिसरीकडे, पेगाच्या बारशांत:
पेशन्स कॉकी. आई मृत. बाप अज्ञात.
ओहोळाचं नाव आडनाव म्हणून लावलेलं,
कुणीतरी, घाईत, पण अक्षर चांगलं.

पुढे सत्तावीस वर्षं ती वहीत नाही.
मग एकदम: देवळाची झाडलोट व किल्ल्या,
पेशन्स कॉकी, वर्षाला तीस शिलिंग,
आणि तिची खूण. फुली नाही.
एक उभी रेघ. का, ते मला माहीत नाही.

अटिंगबाईंना हे सांगितलं तेव्हा त्या चहात बिस्किट बुडवत होत्या.
"तीस?" म्हणाल्या. "मला तर काहीच देत नाहीत."
आणि तेवढ्यात बुडवलेलं अर्धं तुटून खाली बसलं.

कॉकी आता सुपरमार्केटच्या गाड्यांखाली आहे.
ट्रॉल्या ठेवतात तिथे एक जाळी;
कान लावला तर ऐकू येतं,
पण ट्रॉलीला नाणं घालायला लोक मागे उभे असतात,
आणि मी मधेच उभी.