हात खिशात

सुपीरियर सरोवराकडून आज पुन्हा वारा,
आणि माझं कपाट पुन्हा थंड.

कपाटच म्हणतो मी त्याला. उभं, काळं, छातीपर्यंत येणारं,
तळाशी गॅसची शेगडी, तिच्यावर लाकडाच्या चिपांची वाटी,
मग पाण्याचं ताट, मग चार जाळ्या,
आणि दारावर एक तबकडी, जी
पहिल्या दिवसापासून खोटं बोलते.
चर्चच्या जुन्या सामानात चाळीस डॉलरला मिळालं.
विकणारा पैसे घेऊन जरा जास्तच घाईनं निघाला होता.

वरच्या जाळीवरचा व्हाइटफिश चामडं,
खालचा काट्यापाशी काचेसारखा कच्चा.
मधल्या दोघांचं काय व्हायचं
ते त्या दिवशीच्या वाऱ्याला विचारायचं.

मी काय केलं? घाबरलेला माणूस करतो तेच.
बंद केलं.
खालच्या भोकांना फॉइल,
वरच्या धुराड्याची झडप नखाएवढी उघडी.
पैसे देऊन आणलेली आच,
तिला का म्हणून जाऊ द्यायचं?
ज्वाळा पिवळी पडली, लोळू लागली.
धूर पांढरा, दाट, ओल्या घोंगडीसारखा,
आणि मासा इतका कडू
की मांजरानं हुंगला
आणि माझ्याकडे पाहिलं.

हिल्मा केस्किटालो कुंपणाला वळसा घालून आली.
एकतीस वर्षं कागदगिरणीच्या बॉयलरवर काढलेली बाई.
हवापाण्याच्या गप्पा नाहीत.
गुडघ्यावर बसली आणि ज्वाळेकडे बघितलं,
डॉक्टर जीभ बघतो तसं.
"गुदमरतंय," म्हणाली. "पाव आहे का घरात?"

मला वाटलं, भूक लागली असेल.

सोळा तुकडे. जाळीला चार, चार कोपऱ्यांत.
मासा नाही, धूर नाही, नुसती आच.
चाळीस मिनिटांनी तिनं ते बाकावर
त्याच क्रमानं मांडले,
आणि आम्ही दोघं वाकून वाचू लागलो.
मागचा उजवा कोपरा वरपासून खालपर्यंत काळाठिक्कर.
पुढचा डावा पांढराफटक,
जणू आगीशी त्याची ओळखच करून दिली नव्हती कुणी.
पाण्याचं ताट पुढे डावीकडे सरकलेलं,
सगळी उष्णता मागच्या एका खिंडीतून पळत होती.
महिनाभर मी वाऱ्याला शिव्या देत होतो.

ताट मधोमध, चहूबाजूंनी दोन बोटं जागा.
फॉइल तिनं स्वतः ओरबाडून काढलं.
झडप सताड उघडी.
वाऱ्याच्या तोंडाला पत्रा, पण हातभर लांब,
भोकांना चिकटून नव्हे.
"आणि दार?" मी विचारलं. "तेही उघडंच?"
"दार घट्ट. दोरी बसव त्याला, भट्टीची असते ती.
फट आणि वाट यांत फरक असतो."
तबकडीची सुई तिनं उकळत्या पाण्यात बुडवली.
दोनशे बारा दाखवायला हवे होते.
एकशे सत्तरवर थांबली, निर्लज्ज.
तिच्या जागी आता जाळीच्या उंचीवर
एक साधा थर्मामीटर लोंबतो, तारेनं बांधलेला.

ज्वाळा निळी झाली. उभी राहिली.
दुसऱ्या वेळचे सोळा तुकडे
सारखे निघाले म्हणणार नाही मी;
तो मागचा कोपरा अजून जरा उतावीळ आहे,
तिथं जाडे तुकडे ठेवतो.
बाकीचे गव्हाच्या रंगाचे.
त्यातले तीन हिल्मानं उभ्या उभ्या खाल्ले, कोरडेच.

आता मासे आत आहेत, मेपलच्या चिपा वाटीत.
धुराड्यातून निघतंय ते
धूर म्हणावं इतकंही नाही.
निळसर काहीतरी, पाइनच्या काळोखासमोर धरलं तरच दिसणारं.
काटा एकशे ऐंशीवरून एकशे पंच्याहत्तरवर येतो.
माझा हात झडपेकडे जातो.

"हात खिशात," कुंपणापलीकडून आवाज.
तिनं तर इकडे पाहिलंही नव्हतं.