गुरुवार, अडीच वाजता

जेवणघरातली टेबलं भिंतीला सरकवली
की झालं आमचं उपासनामंदिर.
उकडलेल्या कोबीचा वास काही जात नाही,
त्यालाही बसू देतो.
कीबोर्डची मधली एक पट्टी मुकी आहे,
प्रत्येक गीतात त्या जागी खड्डा लागतो.
मी आधीच आवाज हळू करतो,
सवय आहे.

मी पाळक नाही.
एकतीस वर्षं शाळेची बस चालवली
लुनेनबर्गच्या खाली, किनाऱ्याकिनाऱ्यानं, धुक्यातून.
पाळकबाईंकडे चार चर्च आणि एक गंजकी गाडी,
म्हणून त्यांनी विचारलं, मोठ्यानं वाचता येतं ना?
येतं म्हटलं.
शेवटच्या सीटपर्यंत पोचायचा आवाज माझा.

इथली शेवटची सीट म्हणजे एल्वायरा हिमेलमन.
प्रवचनाच्या ऐन मध्यात विचारते,
"बस किती वाजता सुटणार?"
आधी सांगायचो, बस नाही बाई,
तुम्ही आता इथंच राहता.
ती रडायची. पुढच्या गुरुवारी पुन्हा विचारायची,
पुन्हा पहिल्यांदाच रडायची.
आता म्हणतो, वेळ आहे अजून. बसा.
मीच चालवणार आहे.

मोठ्या अक्षरांची गीतपुस्तकं,
आतल्या पानावर पेन्सिलीनं नावं.
आज वाटून झाल्यावर बर्निस टॅनरचं उरलं.
कुणी काही विचारलं नाही.
मी ते ढिगाच्या तळाशी घातलं,
मग काढून वर ठेवलं,
मग पुन्हा तळाशी.

महिन्यातून एकदा भाकर.
पाळकबाई आशीर्वाद मागून डब्यात भरून देतात,
बारा तुकडे, मोजून.
एकच ताकीद: चुरासुद्धा कचऱ्यात जाता कामा नये.
हॉलिस कॉर्कम तुकडा घेतो, मान खाली घालतो,
ओठांपर्यंत गेलेला हात
हळूच स्वेटरच्या खिशात उतरतो.

दोन महिने मी पाहून न पाहिल्यासारखं केलं.
तिसऱ्या महिन्यात त्याच्या चाकांमागून गेलो.
इथल्या खिडक्या चार बोटंच उघडतात,
कुणी पडू नये म्हणून.
त्या फटीतून त्यानं मनगटापर्यंत हात बाहेर काढला
आणि धक्क्याकडून एक सीगल आला,
ओळखीच्या दारी यावं तसा.

"हॉलिस," मी म्हटलं, "ती तुमच्यासाठी असते."
"काय असते ते ठाऊक आहे मला."
वळून पाहिलंसुद्धा नाही.
"लॉसनला मिळाली नव्हती."

लॉसन धाकटा. एकसष्टच्या मार्चमध्ये
जाळं ओढता ओढता डेकवरून गेला.
चर्चमागच्या दगडावर त्याचं नाव आहे,
दगडाखाली कुणी नाही.
गावात हे सगळ्यांना माहीत,
हॉलिसच्या तोंडून कुणीच ऐकलेलं नाही.

घरी येऊन पाळकबाईंना फोन लावायला घेतला.
पण विचारणार काय?
पक्ष्याच्या पोटातून समुद्रावर गेलेली भाकर
कुठल्या नियमात बसते?
फोन ठेवला. बायको म्हणाली, कुणाचा होता?
कुणाचा नाही.

पुढच्या महिन्यात डब्यात तुकडे बाराच,
माणसं अकरा.
बर्निसचं पाळकबाईंना कळवायचं राहून गेलं होतं,
म्हणजे मीच राहू दिलं होतं, बहुतेक.
हॉलिसच्या तळहातावर मी दोन ठेवले.

तो बघत राहिला,
माझ्याकडे नाही, तळहाताकडे,
जाळ्यात काय आलंय ते बघावं तसा.
एक खिशात गेला.
दुसरा त्यानं जिभेवर ठेवला
आणि कितीतरी वेळ चावलाच नाही.

नर्स घड्याळाकडे बघत होती, पाच वाजता सूप.
मी शेवटचं गीत सुरू केलं,
मुकी पट्टी आली, गेली,
आणि मागून एल्वायरा, कोट घालून तयार:
"अजून सुटली नाही का?"
नाही बाई, म्हटलं,
आरशात दिसतंय,
कुणीतरी पळत येतंय अजून.