शनिवार-रविवार

वेंगुर्ल्यात काजूच्या कारखान्यावरचा हॉल,
भरतनाट्यम, फक्त शनिवार-रविवार.
इतर दिवशी कॉलेज,
आणि त्याआधी, अंधारात,
बापाबरोबर होडी.

हेरंब खोबरेकर अरमंडीत बसतो
तो जरासा डावीकडे कलून,
फरशी आता हलेल, असं धरून.

"जमीन आहे रे ही."
"होय बाई," म्हणतो
आणि पुन्हा कलतो.

मे महिन्यात चेन्नईला निवड चाचणी.
वर्षभर मी तो कल काढत होते,
लाकडाच्या ठोक्याठोक्यानं.
मागच्या रविवारी निघाला एकदाचा.
समईसारखा उभा राहिला पोरगा.

आज आला
तर गुडघा सोललेला.
"कुठे रे?"
"होडयेत पडलंय, बाई.
पयल्यांदाच."

ठोका माझ्या हातातच राहिला.
खालून भाजक्या काजूचा वास.