पाव रवा

तीस वर्षं शाहूपुरीच्या गूळ बाजारात
मी काटा धरला.
रवा चढला, रवा उतरला,
मी आकडा ओरडलो, वहीत लिहिला.
उचलणारे वेगळे होते.

आता तोच काटा दोन दिवसांच्या बोलीवर घरी आणलाय
आणि त्यावर माझीच सॅक बसलीय
पोट सुटलेल्या अडत्यासारखी.
चौदा किलो दोनशे.

गगनबावड्यातनं घाट उतरायचा,
खाली समुद्रापर्यंत पायी, पाच दिवस,
ऐन ऑक्टोबरात.
कादंबरी, माझ्या भावाची लेक, तीनदा जाऊन आलीय.
'खाली हवा वेगळी, काका.
तिकडं घाम येतो, पण जात नाही.'

हवेतलं पाणी मला शिकवू नकोस, म्हणालो.
दमट पडलं की गूळ आधी चमकतो,
मग बोटाला लागतो,
मग गोणपाटातनं काळा पाझरत
फरशीवर येतो, मुंग्यांना हाका मारत.
कोरडं कसं ठेवायचं, एवढं एकच तर
आयुष्यभर –
'गूळ कोरडा ठेवायचा असतो,' ती म्हणाली.
'माणूस भिजणारच. तो वाळला पाहिजे.'

आणि तिनं सॅक उलटी केली.

जीनची पँट: ओली झाली की मांडीला घोरपड. बाहेर.
सोलापुरी टॉवेल बाहेर.
बनियन सहा. चार बाहेर.
'जाड सुती कापड घाम धरून बसतं, काका,
उधारी बुडवणाऱ्यासारखं.
मागितला तरी परत देत नाही.'
कापशी चपलेवर मी हात ठेवला.
गेल्या पाडव्याची, अजून करकरतेय.
ती काहीच बोलली नाही.
चामड्यावर बुरशी कशी चढते
ते मीच आठवलं, आणि हात काढला.

उरलं ते बघून लाज वाटली.
लांब बाह्यांचे दोन शर्ट, कांद्याच्या पापुद्र्यासारखे.
दोन विजारी. मिठाची पुडी. थोडा गूळ, तो तर हवाच.
एक कोरडा जोड, पिशवीत, तोंडाला गाठ:
'हा झोपेचा. दिवसा कितीही भिजलात तरी
ह्याला हात लावायचा नाही.
सकाळी परत ओलाच शर्ट अंगात घालायचा.
शहारा येईल. येऊ दे.'
आणि जांघेत लावायची पावडर,
जी तिनं खिडकीबाहेर बघत माझ्या हातात दिली.

सात किलो सहाशे.
तीसच्या रव्याचा पाव, वर चिमूटभर.

तरी पाठीवर घेतली की सॅक मागं ओढायची,
पोर जत्रेत ओढतं तशी.
शेवटी गुंडू टिपुगडेला बोलावलं,
गाळ्यावरचा जुना हमाल.
त्यानं दोन बोटांनी उचलली, हसला.
'ह्येला हमाल लागतुया व्हय?'

मग मात्र खाली बसला, सगळं काढलं,
परत भरलं: हलकं तळाला,
जड ते वर, पाठीला भिडून.
पट्टे आवळले. कमरेचा आधी, खांद्याचे मागनं.
'पाठीला कळाय नगं
की वजन दुसऱ्याचं हाय.'

मी उभा राहिलो. सॅक गप्प होती.
उगीच विचारलं, गुंडू,
दिवसाला किती उचलत होतास रे?

'मला काय ठावं,' तो म्हणाला.
'तुमीच लिवत हुता की.'

कादंबरीनं चहा आणला. तो प्याला, बशीतनं.
जाताना खांद्यावरचा पंचा काढला,
शंभरदा धुतलेला, पलीकडचं दिसेल असा.
'ह्यो घ्या. झटक्यात वाळतोय.'

सवयीनं मी तो काट्यावर टाकला.
काटा जागचा हलला नाही.

गुंडू दारातनं वळला,
माझ्या पोटाकडं बघून म्हणाला,
'बघू आता.
किती वाळून येतासा.'