पोरे

उजव्या भुवईच्या वर
शाईनं फुली मारली शिवलीलानं,
चुकून दुसराच डोळा उघडू नये म्हणून.
कार्डावर चंपव्वा ढवळी. मी चंपाबाई,
पण वडगावातल्या निम्म्या कागदांवर मी चंपव्वाच आहे,
आणि दोघींचं रेशन एकच येतं.

"कण्णिन पोरे," ती बाजूच्या बाईला म्हणाली.
मी म्हटलं, पोरे दोनच. थोरला हुबळीला, धाकटी चंदगडला दिली.
सगळी खोली हसली.
थेंब घालून मिटलेले डोळेसुद्धा हसले.
मग तिनंच सांगितलं, पोरे म्हणजे पापुद्रा,
साप अंगावरनं काढून टाकतो तसला.
बघा की, आम्ही त्याला मोती म्हणतो
आणि ते म्हणतात कात.
मोती म्हटलं की माणूस जपून ठेवतो.
मी चार वर्षं जपला.

चार वर्षं जग चहात बुडवून बघत होते.
दिव्याला केस फुटलेले.
चंद्र दोन, कधी अडीच.
खानापूरची की नंदगडची, कळेपर्यंत बस गेलेली,
कन्नड असो मराठी असो,
सगळी अक्षरं भिजलेल्या मुंग्या.

हिरव्या फडक्याला भोक. भोकात मी.
वर तीन दिवे, मग एकच, मग नुसतं दूध.
कुठंतरी बारीक घूंऽऽ,
कांडी भरताना चातीचा येतो तसा,
आणि पाणी, कानामागं ओघळणारं.
"केळग नोड्री," शिवलीला म्हणाली. खाली बघा.
खाली कुठं असतं, डोळा असा उघडा पडल्यावर?
डॉक्टर कुणाला तरी आकडा सांगत होते,
साडेएकवीस.
भिंग म्हणे घडी घालून आत जातं
आणि आत गेल्यावर आपलं आपण उलगडतं.
आमच्या साडीचं उलटं,
उलगडून विणायची, घडी घालून द्यायची.

पट्टी काढल्यावर पहिलं काय दिसलं
म्हणून सगळे विचारतात.
बादली.
फरशी पुसायची, प्लास्टिकची, कडेला तडा गेलेली.
निळा एवढा निळा असतो
हे विसरूनच गेले होते मी.
बादलीकडं बघून रडले, आणि घाबरले,
डोळ्याला पाणी लावायचं नाही
असं कार्डावरच लिहिलेलं.

डावा अजून जुनाच आहे.
उजवा झाकला की भिंत हळदीची,
डावा झाकला की चुन्याची.
मध्ये एक नाक.
दोघांनाही विचारून बघा, दोघंही म्हणतील, आमचीच खरी.
सीमाभागात जन्म गेला,
हे भांडण मला नवं नाही.

घरी आले. फळीवर माझ्याच हातच्या कांड्या.
काळ्याच्या डब्यात निळ्या,
जांभळ्याच्या डब्यात तपकिरी.
डबे मीच लावलेले.
म्हणजे चार वर्षं.
आणि एकही साडी सावकाराकडनं परत आली नव्हती.

गंगव्वा मागावर होती.
विचारलं तर मान वर न करता म्हणाली, "होगली बिडु."
जाऊ दे.
पहाटे मी नळाला गेले की
भिंतीपलीकडनं येऊन कांड्या बदलायची ती.
परत येताना तिला माझ्या दारात बघून
मी आत जाऊन
साखरेचा डबा हलवून बघत होते,
चार वर्षं.

बोलायला तोंड उघडलं, पण खटखटीत
माझं मलाच ऐकू येईना.
मग तिनं मोटार बंद केली.
सगळी गल्ली एकदम बहिरी झाली.
एक कांडी माझ्या हातात ठेवून म्हणाली,
यंदा तिलाही काळं-निळं एकच दिसायला लागलंय.
"इन्न म्याल नीनऽ नोडु."
आता यापुढं तूच बघ.

मी दारात उजेडाला गेले,
डावा डोळा हातानं झाकला.